हँडल, स्टार्टर आणि ऊन

कळवणहून अभोण्याकडे निघाले म्हणजे डाव्या हातास सप्तशृंग-मार्कंड्याची रांग दूरवर सोबत करीत राहते, उजव्या हातास सेलबारी-डोलबारीचे डोंगर कधी जवळ येतात तर कधी मागे सरतात, आणि या दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यात केमच्या डोंगरातून उतरलेली गिरणा कांदा, ऊस आणि मका यांचे मळे पाजीत पूर्वेकडे निघून जाते. याच रस्त्यापासून पायवाटेने थोडे आत गेल्यावर एक जुनी बांधीव विहीर लागते, आणि गेल्या वर्षभरात मी तिच्या काठावर चार वेळा जाऊन बसलो. विहिरीत पाहण्यासारखे काही विशेष नाही. पाहण्यासारखे जे आहे ते तिच्या भोवती आहे.

काठावर दगडी थारोळे अजून शाबूत असून त्यापासून उताराने गेलेली बैलांची धाव गवताने बुजली असली तरी ओळखू येते. थारोळ्यालगत पत्र्याची खोप आहे. तिच्या अंधारात, गोणपाटाखाली, पाच अश्वशक्तीचे एक काळे डिझेल इंजिन बसलेले आहे. त्याच खोपीच्या भिंतीवर हिरव्या आणि लाल बटणांचा स्टार्टर ठोकलेला असून त्यातून निघालेली केबल विहिरीतल्या मोटारीपर्यंत जाते. आणि खोपीबाहेर, जेथे पूर्वी कडब्याची गंजी रचीत असत तेथे, लोखंडी खांबांवर निळसर-काळी सौर तावदाने दक्षिणेकडे तोंड करून उभी आहेत. मोट, इंजिन, मोटार आणि सूर्य अशी चार युगे एका विहिरीभोवती दहा पावलांच्या आत नांदत असून त्यांपैकी एकही पुरते हद्दपार झालेले नाही. मोटेचा नाडासुद्धा खोपीच्या आढ्याला गुंडाळून ठेवलेला आहे.

तेलावर चालणारी अवजारे टाकून विजेवर चालणारी घ्यावीत किंवा कसे, हा प्रश्न आज जगात सर्वत्र विचारला जात आहे. शहरातील मनुष्यास तो खर्चाचा वाटतो आणि पर्यावरणाची चिंता वाहणाऱ्यास धुराचा वाटतो. कळवण तालुक्यात हिंडताना मला मात्र असे दिसून आले की, ज्याच्या शेतात हे यंत्र बसावयाचे त्यास हा प्रश्न मुख्यत्वेकरून वेळेचा वाटतो. पाणी किती वाजता सुटेल, आणि ते कोणाच्या हुकमाने सुटेल? धूर, आवाज, पैसा ही सारी कलमे त्याच्या हिशेबात आहेत, परंतु ती या कलमाच्या खाली लिहिलेली आहेत.

*

इंजिनाची कथा महाराष्ट्रात कारखानदारीच्या कथेशी गुंतलेली आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी त्यास हात लावीनात. पुढे १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर घरोघर गेला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. साताऱ्यास कूपर मंडळींचा कारखाना त्याआधीपासून इंजिने ओतीत होता, आणि विलायतेहून येणाऱ्या लिस्टर, रस्टन या नावांचाही दबदबा होता. पुढे नांगराच्या नशिबी आलेला संशय इंजिनाच्या वाट्यास फारसा आला नाही, कारण मोटेमागे दिवसभर पुढे-मागे चालून बैल आणि माणूस दोघेही किती थकतात याचा अनुभव प्रत्येकाच्या अंगी मुरलेला होता. सरकारी तगाई मिळाली, सोसायटीचे कर्ज मिळाले किंवा घरातले किडूकमिडूक मोडले गेले. कसेही करून इंजिन विहिरीवर आले.

ते सुरू करणे ही एक विद्या होती. वरची कळ उचलून सिलिंडरातील दाब मोकळा करावयाचा, दोन्ही हातांनी हँडल फिरवीत जड चाकास वेग द्यावयाचा, आणि वेग पुरेसा झाला असे मनगटास कळताच कळ खाली पाडून हँडल सफाईने ओढून घ्यावयाचे. या शेवटच्या क्षणी जो चुकला त्याच्या मनगटाची किंवा दातांची शाश्वती नसे. फुटव्हॉल्व गळत असेल तर पाइपात पाणी टिकत नसे, मग शेणकाला ओतून ती गळती तात्पुरती बुजवावयाची. नोझल साफ करणे, पट्ट्यास राळ लावणे, डिझेलचा कॅन सायकलीला बांधून बाजारातून आणणे ही नित्याची मशागत होती. गावच्या पिठाच्या गिरणीसही असेच इंजिन असे, आणि तिच्या धुराड्यातून निघणारा ठोक्याठोक्याचा आवाज शिवारापलीकडे ऐकू गेला की बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन निघत. घड्याळ नसलेल्या गावात गिरणी सुरू झाल्याची ती दवंडीच होती.

या सर्व कटकटींच्या मोबदल्यात इंजिनाने शेतकऱ्यास जी वस्तू दिली तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. ती वस्तू म्हणजे मुखत्यारी. पहाटे चारला पाणी हवे असेल तर पहाटे चारला, भर दुपारी हवे असेल तर भर दुपारी. खिशात डिझेलपुरते पैसे आणि मनगटात जोर असला की मधे कोणाची परवानगी नको. विहिरीचे मालक, ज्यांना सारे शिवार नाना म्हणून ओळखते, ते आज सत्तरीत आहेत. त्यांना मी विचारले की, इंजिनाच्या काळातील कोणती गोष्ट आठवते. ते म्हणाले, "आवाज आठवतो. रात्री झोपेत आवाज बदलला तरी जाग यायची. पाणी तुटलं का डिझेल संपलं, ते आवाजावरून कळायचं. पण भाऊ, इंजिन कधी 'उद्या या' म्हणालं नाही."

*

"उद्या या" हे शब्द विजेबरोबर आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याच वर्षी, १९६० साली, राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९७० साली नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब आणि तारा डोंगरकुशीतल्या वाड्यांपर्यंत सरकत गेल्या. यंत्र म्हणून पाहू गेल्यास मोटारीची इंजिनाशी तुलनाच होऊ नये. तिला हँडल नाही, धूर नाही, तेल बदलणे नाही. जळणातील जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा इंजिन कामास लावते, तर मोटार तिला मिळालेल्या विजेचे पाच भागांतील चार भाग कामास लावते. हिरवे बटण दाबावे आणि पाणी यावे, इतके सोपे ते झाले. वृद्ध आईस किंवा शाळकरी मुलीसही ते जमू लागले.

परंतु बटण दाबण्यास वीज हवी. कळवणच्या पूर्वेकडील भागात, जेथे अहिराणीचा वळसा बोलीस मिळतो तेथे, शिवारातून जाताना दोन माणसे भेटली म्हणजे रामराम होण्यापूर्वी प्रश्न होतो, "लाइट उनी का?" या वाक्याचे व्याकरण मला फार सूचक वाटले. इंजिनाच्या काळी 'मी पाणी चालू केले' असे म्हणत. त्यात कर्ता शेतकरी होता. विजेच्या काळात 'लाइट आली', 'लाइट गेली', 'फेज उडाला', 'डीपी जळाली' अशी वाक्ये प्रचारात आली आणि त्यांत शेतकरी कोठेच नाही. तो वाक्याबाहेर, बांधावर, वाट पाहत उभा आहे. यंत्र सुधारले, पण क्रियापदावरचा ताबा गेला.

शेतीच्या वाहिन्यांस थ्री फेज वीज आळीपाळीने द्यावयाची, एका आठवड्यात दिवसा आठ तास तर दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास, अशी रीत राज्यात दीर्घकाळ चालत आली. कारखाने, शहरे आणि शेती यांची मागणी एकाच वेळी अंगावर येऊ नये म्हणून केलेली ती तजवीज होती आणि कागदावर ती न्याय्यही दिसते. परंतु रात्रपाळीच्या आठवड्यात कांद्याच्या वाफ्यात बारे देण्यासाठी थंडीत रात्री एक वाजता उठणे, एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन चिखलात उभे राहणे, शेजारच्या उसात बिबट्या आहे हे ठाऊक असून पाट वळविणे, हे त्या कागदावर दिसत नाही. यावर शेतकऱ्यांनी आपल्या परीने उपाय काढले. वीज येताच मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्टार्टर बसविले. मग वीज आली की गावच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठू लागल्या, त्या ओझ्याखाली दाब कोसळू लागला, आणि रोहित्र किंवा मोटार यांपैकी एक जळू लागले. एकाची सोय सर्वांची गैरसोय कशी होते याचा असा स्वच्छ दाखला अर्थशास्त्राच्या पुस्तकात मिळणे कठीण.

माझ्या स्वतःच्या वाट्यास यातील एक लहानसा अनुभव आलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या शेतावरील रोहित्र ऐन उन्हाळ्यात जळाले; मी वीज खात्याच्या एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो, आणि त्या अर्जाची तीन टेबलांवरून रुजवात होईपर्यंत सतरा दिवस गेले. त्या सतरा दिवसांत शेजाऱ्याच्या अडगळीतून काढलेल्या इंजिनाने आमची लागवड जगविली. तेव्हापासून कोणी शेतकरी जुने इंजिन भंगारात का घालीत नाही, असे मी सहसा कोणास विचारीत नाही.

*

विहिरीवरून घराच्या अंगणाकडे आले की हाच बदल अधिक शांतपणे, जवळजवळ कोणाच्या लक्षात न येता झालेला दिसतो. गोठ्यातील कडबाकुट्टीचे मोठे चाक पूर्वी दोघांनी मिळून फिरवावे लागे. आता तिला दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार लागली असून सकाळची वैरण पंधरा मिनिटांत होते. गिरणीच्या जोडीने घरोघर घरघंटी आली. बाजारपेठेतील रसवंतीच्या चरकास एके काळी बैल जुंपीत, नंतर इंजिन जोडले, आता मोटार आहे. परंतु बैलाच्या गळ्यातून सुटलेले घुंगरू चरकाच्या फिरत्या भागास बांधलेले आजही दिसतात, कारण तो नाद ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाचे पाऊल थबकत नाही. सप्तशृंग गडावरसुद्धा, जेथे वृद्धांना डोलीत बसवून पायऱ्या चढवीत असत, तेथे २०१८ पासून विजेवर चालणारी फ्युनिक्युलर गाडी भाविकांस वर नेते आहे.

सर्वांत मोठी उलथापालथ केली ती फवारणीच्या पंपाने. पितळी किंवा प्लास्टिकची टाकी पाठीस बांधून एका हाताने दांडा मारीत आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवीत एकरभर चालणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्याच्या खांद्यास विचारावे. पुढे पेट्रोलचा पंप आला. त्याचे टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलात ऑइल मिसळून चालते आणि त्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच बाहेर टाकते. त्या धुरात, कानाशी फुटणाऱ्या आवाजात आणि पाठीस जाणवणाऱ्या थरथरीत माणसाने औषध मारावयाचे, म्हणजे एका विषाच्या सोबतीस दुसरे. त्याच्यामागून आला चार्जिंगचा पंप. सोळा लिटरची टाकी, तळाशी बारा व्होल्ट आणि आठ किंवा बारा अँपिअर-अवरची बॅटरी. आठ अँपिअर-अवरच्या बॅटरीत मावणारी वीज मोजली तर ती एका युनिटच्या दहाव्या हिश्शाहून किंचित कमी भरते. म्हणजे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या या पंपाचा वीजखर्च एका रुपयाच्या आत-बाहेर येतो आणि त्यावर दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस टाक्या फवारून होतात. धूर नाही, आवाज माशीच्या गुणगुणण्याइतका. ज्या घरात पुरुष मजुरीस बाहेर जातो तेथे बायकांनी हा पंप पाठीवर घेतला. दांडा मारण्याचे बळ लागत नाही, हे त्याचे खरे कारण.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा इतर कारणांबरोबर जोरकस दाबाने बारीक तुषार उडविणाऱ्या नव्या पंपांचीही चर्चा झाली. पंप विजेचा झाला म्हणून औषध सौम्य होत नाही. उलट श्रम कमी झाल्याने माणूस अधिक वेळ त्या तुषारांत राहतो. हातमोजे आणि तोंडावरचे फडके यांची जागा बॅटरी घेऊ शकत नाही.

कळवणच्या बाजारात दुकानदार या पंपाचे जे वाण आधी पुढे करतो त्याचे नाव 'टू इन वन': बॅटरी आहेच, पण बाजूला दांडाही आहे. मी विचारले की बॅटरी असता दांडा कशाला. दुकानदार माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "दादा, लाइटच नसली रात्री तर?" विहिरीवर जे इंजिन गोणपाटाखाली आहे, तेच येथे दांड्याच्या रूपाने कारखान्यातूनच जोडून आलेले आहे.

स्वयंपाकघराची कथा थोडक्यात सांगता येईल. चूल, मग रॉकेलचा स्टोव्ह, मग सिलिंडर; २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यावर डोंगराकडच्या पाड्यांतही लाल टाकी पोहोचली; आणि आता विजेची इंडक्शन शेगडी. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरात जितका स्वयंपाक होतो तितक्यास या शेगडीवर सव्वाशे ते दीडशे युनिटे लागतात, तेव्हा कोणते स्वस्त हे ज्याने त्याने आपल्या वीजबिलावरून ठरवावे. परंतु बाजरीची भाकरी आरावर उभी करून फुगविणे आणि भरताचे वांगे भाजणे या दोन कामांस विजेकडे अजून उत्तर नाही. म्हणून शेगडीशेजारी सिलिंडर आणि परसात चूल अशी तिहेरी वहिवाट घरोघर चालू आहे.

*

तेलावरची यंत्रे टाकून विजेवरची घ्यावीत की नाही, या विषयावरून अमेरिकेतही गेली काही वर्षे कायदेमंडळांत खडाजंगी चालू आहे. वादाचे मूळ आहे पालापाचोळा उडविणारे ब्लोअर आणि हिरवळ कापण्याची यंत्रे. कॅलिफोर्नियातील कार्मेल या टुमदार गावाने आवाजाला कंटाळून १९७५ सालीच ब्लोअरवर बंदी घातली. राजधानी वॉशिंग्टन शहरात पेट्रोलच्या ब्लोअरवर २०२२ च्या आरंभापासून बंदी आली. आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून २०२४ पासून बनणारी बागकामाची नवी छोटी यंत्रे धूरविरहितच असावीत असे ठरविले. तेथील हवा-नियमन मंडळाचा हिशेब असा की, एक व्यावसायिक ब्लोअर तासभर चालविणे हे धुरक्याच्या दृष्टीने एक मोटारगाडी अकराशे मैल हाकण्याबरोबर आहे. त्या राज्याने बदलाच्या साहाय्यासाठी तीन कोटी डॉलरांची तरतूद केली, तरीही माळीकाम करून पोट भरणारे लोक म्हणाले की, दिवसभराच्या कामास पुरतील इतक्या बॅटऱ्या आम्ही कोठून आणाव्यात. ज्याच्या अंगणात शांतता नांदावयाची तो एक, आणि ती शांतता ज्याच्या खिशातून यावयाची तो दुसरा, हा पेच तेथेही सुटलेला नाही.

धुराचा हिशेब आपणही एकदा मांडून पाहावा, कारण तो वाटतो तितका सरळ नाही. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासास लिटरभराहून थोडे अधिक डिझेल पिते आणि सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. तेवढेच काम करणारी मोटार तासास साडेचार ते पाच युनिटे घेते. आणि आपल्याकडील वीज बहुतांशी दगडी कोळशाची असल्याने दर युनिटामागे सरासरी सात-आठशे ग्रॅम वायू कोठे ना कोठे सुटतोच, म्हणजे बेरीज पुन्हा तीन ते चार किलोंवर जाते. विहिरीवरचा धूर नाहीसा झाला, शेतकऱ्याच्या छातीत जाणारी काजळी थांबली, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु आकाशाच्या दृष्टीने पाहता धुराने केवळ मुक्काम हलविला, तो कळवणच्या खोपीतून एकलहऱ्याच्या धुराड्यात राहावयास गेला. विजेचे यंत्र स्वच्छ की अस्वच्छ हे यंत्रावर नसून तारेच्या दुसऱ्या टोकास काय जळते यावर आहे.

*

ते दुसरे टोक आता शेतातच येऊ लागले आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली. राज्याने त्याआधी, २०१७ साली, शेतीच्या वाहिन्यांस सौर प्रकल्पांतून दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली होती. आणि २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' हे नाव घराघरांत गेले. सर्वसाधारण खातेदाराने किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदाराने पाच टक्के हिस्सा भरावयाचा. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे कोष्टक आहे. कळवण हा आदिवासीबहुल तालुका, येथे आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे, त्यामुळे पश्चिमेकडील ज्या उतारांवर खांब कधी पोहोचलेच नाहीत तेथे पाच टक्क्यांच्या या कलमाचे महत्त्व मोठे आहे. जेथे मोटारीचे युग आलेच नाही, तेथे माणसे इंजिनावरून थेट उन्हावर उडी घेत आहेत.

नानांकडे तावदाने बसून दीड वर्ष झाले. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाण्याची धार बारीक निघते, दुपारी जाड होते आणि चारनंतर पुन्हा मंदावते. ढग आला की धार दचकते. "रात्रीचं जाणं बंद झालं," एवढेच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, परंतु ते वाक्य त्यांनी ज्या रीतीने उच्चारले त्यावरून मला कळले की रात्रपाळीचा हिशेब शेतात उभ्या राहणाऱ्याइतकाच घरात जागत बसणाऱ्यानेही भरलेला असतो.

याचे तोटेही आहेत. वादळात तावदाने तडकतात, तारा चोरीस जातात, धूळ बसली की धार घटते; आणि दर तासाला पैसे मोजावे लागत नसल्याने पाणी उपसण्यास मनाचा लगाम राहत नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या वीजपंपांचे बिलही राज्याने माफ केले आहे, तेव्हा हा मोह केवळ उन्हाचा नव्हे. डिझेलच्या किमतीने विहिरीवर जी अप्रत्यक्ष राखण केली होती ती उठली. याच टापूच्या आसपास, मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर, काही शतकांपासून फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याने अडविलेले पाणी केवळ उताराच्या बळावर फडांत फिरे आणि कोणी किती घ्यावे हे पाटकरी व गाव मिळून ठरवीत. तेथे ना तेल लागे ना वीज. लागे तो करार. फुकट ऊर्जेच्या काळात तोच करार सर्वांत दुर्मीळ जिन्नस ठरणार अशी लक्षणे आहेत.

आणखी एक गोष्ट मला बाजारपेठेतील एका वृद्ध मिस्त्रींनी दाखविली. त्यांनी तरुणपणी इंजिने उघडली, मध्यम वयात जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरली. वाइंडिंग जळाल्याचा तो करपट वास त्यांच्या दुकानाच्या भिंतींत कायमचा बसला आहे. आता त्यांच्यापुढे सौर पंपाचा कंट्रोलर येतो. "हा मी खोलू शकत नाही," ते म्हणाले. "खोलला तर हमी जाते. कंपनीचा माणूस येतो, आतलं कार्ड बदलतो. इंजिन पाना मारून दुरुस्त व्हायचं, मोटार तार भरून. हे फक्त बदलतं." पाच वर्षांच्या हमीत दुरुस्ती कंपनीची आहे हे शेतकऱ्याचे भाग्य, सहाव्या वर्षी काय, या प्रश्नापाशी मिस्त्री आणि मी दोघेही थांबलो.

*

चौथ्या खेपेस मी विहिरीवर गेलो तो खंडेनवमीचा दिवस होता. खोप झाडून काढलेली, विळे, कोयते, फावडी, चार्जिंगचा पंप असे सारे ओळीने मांडून त्यांस हळदकुंकू वाहिलेले. स्टार्टरच्या पेटीस झेंडूची माळ होती, तावदानांच्या एका खांबासही होती. इंजिनावरचे गोणपाट नानांनी काढले, वरची कळ उचलली, आणि सत्तरीच्या माणसास शोभणार नाही अशा जोराने हँडल फिरविले. पहिल्या खेपेस ते नुसते खोकले. दुसऱ्या खेपेस धुराचा एक काळा लोट सोडून सुरू झाले आणि खोपीचा पत्रा थरथरू लागला. नातू कानांवर हात ठेवून हसत होता. दोन-तीन मिनिटे ते तसेच चालू दिले; त्यास पट्टा जोडलेला नव्हता, पाणी काढावयाचे नव्हतेच.

बंद केल्यावर मी विचारले की, भंगारवाला इतके लोखंड चांगल्या भावाने घेईल, मग हे ठेवले कशासाठी. नाना हँडल फडक्याने पुसत होते. ते म्हणाले, "ऊन काही सरकारचं नाही भाऊ. पण पंप सरकारचा आहे." मग हँडलास बोटभर तेल चोळून त्यांनी ते स्टार्टरशेजारच्या खिळ्यास अडकविले, इंजिनावर गोणपाट ओढले आणि बाहेर आले. दहा वाजले होते. तावदानांवर ऊन पुरते आले होते, आणि थारोळ्याशेजारच्या पाइपातून, कोणी काही न करता, पाण्याची धार हळूहळू जाड होत चालली होती. नातवास पाट वळविण्यासाठी फावडे घेऊन यावयास सांगून ते कांद्याच्या वाफ्यांकडे निघाले.